वेळ कुणाला विचारायची

टुक्, असा एवढासा आवाज झाला आणि घरातली शांतता मोडली. वीज आली होती. फ्रिजनं अंग झाडलं, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी पंखा कुरकुरायला लागला आणि कपाटावरच्या राउटरचे दिवे एकामागून एक उघडले. त्यापाठोपाठ टेबलावरचा फोन जागा झाला. तो दातांच्या दवाखान्यानं तिला दिलेला. रोज नऊ ते एक ती घरीच बसून दवाखान्याचे फोन घ्यायची, कुणाची दाढ कुठल्या दिवशी काढायची ते मांडून ठेवायची. या फोनच्या पडद्यावर, बरोबर जिथं वेळ दिसते त्या कोपऱ्यात, तिच्या मुलीनं बदकाचं स्टिकर चिकटवलं होतं. तिनं ते काढलं नव्हतं. तसंही तिथली वेळ कित्येक महिने चुकीचीच असायची, आणि चुकीची वेळ बघण्यापेक्षा बदक बघितलेलं काय वाईट.

फोन जागा झाला तोच वाजला. दवाखान्याचा मॅनेजर होता. या महिन्यापासून फोनची नोंद आपोआप दवाखान्यात जायला लागली होती आणि त्यानं आज पहिल्यांदाच ती उघडून बघितली होती. एका पेशंटनं शुक्रवारी सव्वाअकराला फोन करून वेळ बदलून घेतली, तर नोंदीत नऊ वाजून पाच मिनिटं. ते गृहस्थ भांडायला आले होते. मॅनेजर मुळात भला माणूस. रागावायचं असलं की तो आधी गंमत करायचा.

"बाई, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही रोज सकाळी सहा पन्नासला कामाला बसता. तुम्ही मन लावून काम करता हे ठाऊक होतं, पण इतकं?"

ती हसली. मग त्यानं सांगितलं की बुधवारी दुपारपर्यंत हे सरळ करा, नाहीतर फोन पुन्हा दवाखान्यातच ठेवावा लागेल, माझ्या हातात काही राहणार नाही. तिनं हो हो म्हणत फोन ठेवला आणि नखानं बदकाची कड उचलली. भिंतीवर अकरा वाजून दहा झाले होते. बदकाखाली नऊ. बरोब्बर दोन तास दहा मिनिटं मागे.

मंगळवारी नेटवाला आला. पाठीवर पिशवी, कानाला पेन्सिल, आणि प्रत्येक यंत्राकडे बघून आधी एक सुस्कारा. त्यानं फोन उलटासुलटा केला, राउटरकडे बघितलं आणि फोनला निर्दोष सोडलं.

फोन बिचारा राउटरला विचारतो, तो म्हणाला. आणि राउटरच्या पोटात घड्याळाचा सेल नसतो. वीज गेली की त्याला काही म्हणता काही आठवत नाही. उठला की तो इंटरनेटवर कुणाला तरी विचारतो, किती वाजले. ज्याला विचारायचं त्या यंत्राचा पत्ता आत लिहिलेला असतो. तुमचा राउटर भलत्यालाच विचारतोय, ताई.

सासूबाई खुर्ची ओढून जवळच बसल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. तरुणपणी त्या लोकांना वेळसुद्धा सांगायच्या. लोक फोन करून किती वाजले विचारायचे आणि हेडफोन लावलेल्या मुली समोरच्या घड्याळात बघून सांगायच्या. त्या म्हणाल्या, यात नवीन काय, आमच्याकडेही असंच. सुपरवायझरच्या डोक्यावर एकच घड्याळ. एकदा ते बंद पडलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"वीस मिनिटं अख्ख्या गावाला दहा वाजून पाच सांगत होतो. एकानं तक्रार केली नाही. उलट लोकांनी आपापली घड्याळं मागं केली."

नेटवाल्याला ते फार आवडलं. म्हणूनच एकाला विचारून भागत नाही आजी, तो म्हणाला. दोघांना विचारलं तर खोटा कोण ते कळत नाही. निदान चौघांना विचारायचं, म्हणजे एक बहकला तरी बाकीचे तिघं त्याला उघडा पाडतात. त्यानं खिशातल्या चिठ्ठीवर चार पत्ते लिहून दिले. एक सरकारी मोजमाप-संस्थेचा. ते लोक वेळ राखायचाच पगार घेतात. बाकीचे एका मोठ्या समूहाचे. जगभरच्या लोकांनी आपापली यंत्रं वेळ विचारायला उघडी ठेवलीत, एक झोपलं तर दुसरं उत्तर देतं. काही बड्या कंपन्यांचीही यंत्रं असतात, पण त्यांची यात सरमिसळ करू नका, त्यानं बजावलं. काही वर्षांतून कधीतरी घड्याळात एक सेकंद जास्तीचा घालतात. तो बाकीचे एकदम देतात आणि या कंपन्या दिवसभर पातळ करून वाढतात.

"दुधात पाणी," सासूबाई म्हणाल्या.

पण पत्ता बदलायला राउटरच्या आत जायचं आणि आत जायला पासवर्ड हवा. तो तिच्या नवऱ्यानं ठेवलेला. नेटवाल्यानं नेहमीचे आठदहा शब्द मारून बघितले. तिनं लग्नाची तारीख सांगितली, मुलीचा वाढदिवस सांगितला. राउटरनं दाद दिली नाही. मग त्यानं टाचणीसारखी एक तार काढली आणि म्हणाला, मागं एक भोक आहे, दहा सेकंद दाबलं की सगळं पुसलं जातं, जुना पासवर्ड, जुना पत्ता, सगळ्या सेटिंग. कोरा डबा. मग आमच्या ऑफिसमधून तुमच्या लाइनची माहिती पुन्हा भरून घ्यायची. दोन दिवस.

ती त्याच्या आणि राउटरच्या मधेच उभी राहिली. अगदी हात आडवा धरून.

"दोन दिवस नको. उद्या बुधवार आहे."

नेटवाल्याला बुधवारचं काय कळणार. त्यानं तार पिशवीत टाकली, सुस्कारा सोडला, पासवर्ड सापडला तर फक्त वेळेचं पान उघडा, बाकी कशाला हात लावू नका, एवढं सांगून गेला.

बुधवारचं असं होतं. तिचा नवरा समुद्राखालच्या तारा दुरुस्त करणाऱ्या जहाजावर होता. जगातल्या लोकांचं बोलणं ज्या तारांमधून जातं त्या तारा जोडायचं त्याचं काम, आणि स्वतःच्या घरी बोलायला मात्र आठवड्याला वीस मिनिटं. जहाजावर पाळ्या लावलेल्या होत्या. त्याची पाळी बुधवारी, इथल्या घड्याळानं तीन पन्नास ते चार दहा. चार दहाला त्याचा फोन बंद आणि दुसऱ्याचा सुरू. मधल्या दिवसांत निरोप टाकला तरी तो पुढच्या बुधवारीच त्याला दिसायचा. जहाजाच्या कंपनीचं एक ऑफिस होतं, पण मागं सासूबाई पाय घसरून पडल्या तेव्हा तिथून त्याला निरोप पोचायला चार दिवस लागले होते. तोवर त्या चालायलाही लागल्या होत्या.

घर उंच इमारतींच्या बेचक्यात. मोबाइलला रेंज हवी तर पाच मजले चढून गच्चीवर जायचं. म्हणजे काय, तर बुधवारचे ते तीन पन्नास सगळे या एका डब्यावर.

आणि हा बुधवार साधा नव्हता. गेल्या आठवड्यात त्यानं सांगितलं होतं की कंपनी आणखी अकरा महिन्यांचा करार पुढं करतेय. याच बुधवारी संध्याकाळी कप्तानाकडं कागद द्यायचा. सही केली तर अकरा महिने, नाही केली तर पुढच्या बंदरावर उतरून घरी. तिला विचारलं तर तिनं नेहमीसारखंच केलं. खाली मान घालून म्हणाली, तुला काय वाटतं. त्यावर तो म्हणाला होता,

"मला वाटतं ते मला माहीत आहे. तुला काय वाटतं ते तू आजपर्यंत कधी बोलली नाहीस. पुढच्या बुधवारी सांग. हो म्हण नाहीतर नको म्हण. पण अशीच गप्प बसलीस तर मी हो धरणार आणि सही करणार, मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

म्हणजे तिची चुप्पी हीच सही. हे त्यानं रागानं म्हटलं नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. गेला आठवडाभर ती कामात, कपडे वाळत घालताना, पोरीच्या केसांतला गुंता काढताना एकच शब्द घोटत होती. नको. एवढासा शब्द, पण तो तोंडातून निघायला तिला आठ वर्षांचा संसार कमी पडला होता. आणि कारणं कमी नव्हती. पोरगी हल्ली झोपताना टॅब्लेटच्या काचेवर ओठ टेकायची. 'बाबा चार्जिंगला लाव' म्हणायची.

पोरीचं घरातलं नाव गुंडी. दीड वर्षाची असताना बापाच्या शर्टाची गुंडी तिनं गिळली, तेव्हापासून. आता ती सहा वर्षांची होती, आणि दुपारभर टॅब्लेटला चिकटून बसायची तिची खोड बापाला जाण्याआधीच ठाऊक होती. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यानं राउटरमध्ये एक नियम घालून ठेवला होता, रोज चार ते सहा घरातलं नेट बंद, पोरीनं खाली खेळायला जायचं. ती म्हणाली, फक्त टॅब्लेटचं बंद कर की, तर तो म्हणाला, मग आजी तिला स्वतःचा फोन देईल. पहिला महिना खरंच चारच्या ठोक्याला नेट जायचं. गुंडी गळा काढायची आणि मग चप्पल घालायची. तेव्हा त्याची बोलायची पाळी रविवारी सकाळी असायची, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मग एके दिवशी चारला नेट गेलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला वाटलं, त्यानंच लांबून दया केली असणार. विचारलं तर परत लावेल म्हणून तिनं विचारलं नाही, आणि हळूहळू तो नियम ती विसरूनही गेली. हां, संध्याकाळी सहा-सव्वासहाच्या सुमाराला नेट हटकून जायचं, पण त्या वेळी अख्खी इमारत काहीबाही बघत बसते, लाइनवर ताण येतो, असं शेजारीण म्हणाली होती आणि ते तिला पटलं होतं.

बुधवारी सकाळी गुंडीला शाळेत सोडून ती आली, फोन घ्यायला बसली आणि मधल्या मोकळ्या वेळात त्याची कपाटं धुंडाळली. वह्या, जुनी बिलं, यंत्रांची खोकी. काही नाही. साडेअकराला तिनं हात टेकले. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, नक्की काय शोधतेस. पासवर्ड, ती म्हणाली, राउटरचा.

सासूबाईंनी हात पुसले आणि फोनशेजारची त्यांची वही आणली. सांगितलेला प्रत्येक नंबर टिपून ठेवायची त्यांची जुनी सवय, गॅसवाल्यापासून मेलेल्या मैत्रिणींपर्यंत. त्यांनी 'ड'चं पान उघडलं. डॉक्टर. डेअरी. आणि खाली सुबक अक्षरांत, डबा. पुढं अकरा अक्षरं आणि आकडे.

"त्यानं जाताना मला सांगून ठेवला होता. तू राउटर राउटर करतेस, मला काय माहीत तू डब्याबद्दल बोलतेस."

दोन दिवस हा डबा त्यांच्या हाताखाली होता. तिला हसावं की रडावं कळेना. तिनं सासूबाईंच्या गालाला हात लावला आणि कामाला लागली.

आत शिरल्यावर तिनं नेटवाल्याचं ऐकलं. फक्त वेळेचं पान उघडलं. 'वेळ कुठून घ्यायची' असं लिहिलं होतं, चार रिकामे रकाने, आणि त्यातला फक्त पहिला भरलेला. त्यातला पत्ता तिनं पुन्हा एकदा वाचला. नवरा जहाजावर जायच्या आधी एका प्रशिक्षण केंद्रात शिकवायचा, हे त्या केंद्राचं नाव होतं. तिथल्या पोरांना हाताशी घेऊन त्यानं वेळ देणारं एक यंत्र जोडलं होतं. आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ घ्यायची म्हणून छतावर छोटा अँटेना लावला होता. पहिल्यांदा चाललं त्या दिवशी तो घरी येऊन जेवलाही नव्हता, नुसता बोलत होता. बाहेरच्या कुणाला कशाला विचारायचं, आपलं घरचं आहे ना, म्हणाला असणार. तीन रकाने मोकळे ठेवून त्यानं आपल्या एकुलत्या एक यंत्रावर भरवसा टाकला होता.

तिनं केंद्रात फोन लावला. जुना शिपाई तिला ओळखत होता. वहिनी, ते यंत्र ना, तो म्हणाला. तुमचे साहेब गेल्यावर महिन्याभरानं छताची डागडुजी झाली, त्यात वरची तार निघाली. मग वीज गेली आणि आली तर ते वेळच दाखवेना. म्हणून मीच भरली. माझ्या हातातल्या घड्याळावरून.

जरा थांबून तो म्हणाला, "आता आठवतंय, तेव्हा माझ्या घड्याळाचा सेल संपत आला होता."

तिनं त्याचे आभार मानून फोन ठेवला. सात महिने तिच्या घराला एका शिपायाच्या दमलेल्या घड्याळानं वेळ सांगितली होती, आणि त्यानं ती भल्या मनानंच भरली होती.

त्या रकान्यातला पत्ता खोडताना तिचं बोट अडलं. नवऱ्यानं लिहिलेलं घरात फार थोडं उरलं होतं. शेवटी तिनं खोडला, चिठ्ठी बघून एकेक अक्षर भरलं, आधी सरकारी संस्था, मग समूहाचे तिघे, आणि सेव्ह दाबलं. सासूबाई मागं उभ्या राहून चष्म्यातून बघत होत्या. कोण बरोबर ते आता ही चौघं आपसात ठरवणार, त्या म्हणाल्या, आमच्या वेळी एवढी लोकशाही नव्हती.

टेबलावरच्या फोननं एकदा डोळा मिटला आणि उघडला. तिनं बदक पूर्ण सोलून काढलं. बारा वाजून सव्वीस मिनिटं. भिंतीवरही बारा सव्वीस. तिचा जीव भांड्यात पडला. एकच्या सुमाराला मॅनेजरचा फोन आला, नोंद अगदी काट्यावर येतेय म्हणाला, आणि आता नऊच्या आत कामाला बसायचं नाही अशी तंबीही दिली. ती बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली. एक काम तरी आपण तडीला नेलं. आता दुसरं. नको.

तीन पन्नासला तिघी टॅब्लेटसमोर बसल्या. बोलायची वाटणी ठरलेली होती. पहिली पाच मिनिटं गुंडीची, पुढची पाच सासूबाईंची आणि शेवटची दहा तिची. ती दहा मिनिटं सासूबाई गुंडीला घेऊन दुसऱ्या खोलीत जायच्या, पण आज तिनंच त्यांना थांबायला सांगितलं होतं. एकटीला जमणार नाही, म्हणाली होती. सासूबाईंनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली होती. मुलगा परत यावा असं त्यांनाही वाटत होतं, पण नोकरीवरच्या माणसाला मागं ओढायचं पाप आईनं का घ्यायचं, असा त्यांचा हिशेब होता.

पडद्यावर तो आला. दाढी वाढलेली, मागं लोखंडी भिंत. गुंडीनं आ वासून पडलेल्या दाताची जागा दाखवली.

"बाबा, मी दात गिळला नाही हं. हातात पडला."

तो हसला, मग थोडा वेळ तिच्या तोंडातल्या फटीकडेच बघत राहिला. दात कुठं आहे विचारलं. गुंडीनं तो दाताच्या दवाखान्याच्या पाकिटात ठेवलाय सांगितलं, पाकीट आणायला धावली, सापडेना, परत आली. तीन पंचावन्नला सासूबाईंनी तिला मांडीवर ओढून घेतलं. त्यांनी गुडघ्याचं सांगितलं, शेजारणीच्या मुलाचं सांगितलं. एका कॉलला तीन मिनिटं, मग तार मोकळी करायची, ही आयुष्यभराची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. चारला थोडं कमी असतानाच त्यांनी स्वतःला तोडलं आणि टॅब्लेट सुनेकडे सरकवला.

"आता हिचं ऐक," त्या म्हणाल्या. "नीट ऐक."

तो पुढं सरकला. त्यालाही कळलं होतं. त्यानं हळूच विचारलं, बोल, काय ठरवलंस. तिनं तोंड उघडलं. आठवडाभर घोटलेला शब्द जिथं होता तिथंच बसून राहिला. तिला त्याच्या गळ्याजवळची नवी सुरकुती दिसली. एक सेकंद गेला, दोन गेले, आणखी एक. सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर आला.

"नको," ती म्हणाली. "नको करूस सही. घरी ये."

म्हटलं. एकदाचं म्हटलं. तिनं वर बघितलं. तो तसाच पुढं झुकलेला होता, ओठ थोडे उघडे, एक पापणी अर्धी खाली. ती उत्तराची वाट बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंद नव्हता, काहीच हलत नव्हतं. मग त्याच्यावर तो छोटा गोल फिरायला लागला.

तिकडचं नेट अडकलं असेल, येईल, ती पुटपुटली. राउटरचे दिवे सगळे हिरवे होते. गोल फिरत राहिला. तिची नजर सहज टेबलावरच्या फोनकडे गेली, जिथं आता बदक नव्हतं. चार वाजून एक मिनिट.

आणि मग तिला आठवलं. चार ते सहा. त्यानं कुणावर दया केली नव्हती. नियम कधीच गेला नव्हता. चुकीच्या घड्याळावर तो इतके महिने सहा दहा ते आठ दहा राबत होता, आणि आज दुपारी तिनं स्वतःच्या हातानं, चौघांच्या साक्षीनं, त्याला त्याच्या जागेवर आणून बसवलं होतं. तो डबा काल नेटवाल्याच्या तारेनं कोरा होऊ दिला असता तर हा नियमही पुसला गेला असता. पण मग आजचा बुधवारच नसता.

गच्चीवर पळावं की डब्याकडे वळावं, हे ठरवण्यात तिचे किती सेकंद गेले ते तिला सांगता येणार नाही. ती डब्याकडे वळली. सासूबाईंनी न विचारता वही उघडून धरली आणि एकेक अक्षर मोठ्यानं, सावकाश, एक्स्चेंजच्या आवाजात सांगितलं. तिचं दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा आत गेली. कुठलं पान, कुठलं पान. शेवटी सापडलं. एकच नियम होता, आणि त्याला त्यानं नाव दिलं होतं, 'गुंडी, खेळायला जा.'

तिनं खूण काढली. सेव्ह. पडद्यावर आलं, थांबा, राउटर पुन्हा सुरू होत आहे. दिवे सगळे मालवले. चार वाजून पाच. सासूबाई खुर्चीच्या पाठीला हात धरून उभ्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत होत्या. पहिला दिवा लागला. दुसरा. नेटचा दिवा नारिंगी होऊन लुकलुकत राहिला. चार आठ. चार नऊ. हिरवा झाला. तिनं फोन लावला. लागतोय, लागतोय असं लिहून येत राहिलं. मग ते गेलं आणि त्या जागी आलं की ही व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. टेबलावरच्या फोनवर चार वाजून दहा झाले होते, अगदी काट्यावर.

तिनं निरोप लिहिला. सही करू नकोस. घरी ये. त्याच्यापुढं एकच बारीक खूण उमटली, गेलाय पण पोचला नाही अशी. तो पुढच्या बुधवारी पोचेल. कागद आज संध्याकाळी जाणार होता.

कंपनीच्या ऑफिसला तिनं तरीही फोन केला. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं, घरात कुणी आजारी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं निरोप लिहून घेतला आणि दोन-तीन दिवसांत कळवतो म्हणाला. तिनं फोन खाली ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि हातांना ते कळत नव्हतं, बोटं सारखी काहीतरी दाबायला बघत होती.

सासूबाई तिच्याशेजारी बसल्या.

"तू नको म्हणालीस. मी ऐकलं ना."

"तुम्ही इथं होतात, आई."

सासूबाईंनी वही मिटली. लाइन तुटली की पलीकडच्यानं शेवटचा शब्द कुठवर ऐकला, हे मधल्या ऑपरेटरलासुद्धा कधी कळत नाही, हे त्यांना इतर कुणाहून जास्त ठाऊक होतं. तिची ती तीन सेकंदांची चुप्पी पोचली आणि शब्द मागं राहिला, की शब्दही तिच्यामागून धावत जाऊन पोचला. पडद्यावरचा त्याचा थिजलेला चेहरा तिनं मनात पुन्हा पुन्हा आणून बघितला. ते अर्धे उघडे ओठ हसायला निघाले होते की 'बरं' म्हणायला, तिला लावता येईना.

दारात गुंडी उभी होती. दाताचं पाकीट तिला सापडलं होतं, आणि कुणी न सांगता तिनं पायात चप्पल घातली होती, डाव्या पायात उजवी. तिनं आधी बंद पडद्याकडे बघितलं, मग आईकडे.

"आई, तू नको म्हणालीस ते बाबाला ऐकू गेलं का गं?"